डावा स्क्रू

गेल्या महिन्यात एका माणसाने चुकीच्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि मी गप्प बसले. स्क्रू केवढा, तर करंगळीच्या नखाएवढा. फोर्टातल्या त्या दुकानात काउंटरच्या काचेवर पिवळं फडकं अंथरलं होतं आणि फडक्यावर ती रायफल आडवी ठेवली होती. विंचेस्टर, १८९२ चं मॉडेल, चव्वेचाळीस बोअर. मला दादरच्या काकांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. रायफल त्यांच्या आजोबांची. घरात परवान्यावर तीन हत्यारं होती, २०१९ मध्ये कायदा बदलला आणि एका माणसाने दोनच ठेवायची असं झालं. तेव्हा त्यांनी ही दुकानात जमा केली, ती तिथेच होती. आता परवाना असलेलं एक गिऱ्हाईक मिळालं होतं. "तुझ्या अण्णांचा हात लागलेली आहे, जायच्या आधी एकदा बघून घे," एवढंच काका फोनवर म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेले.

दुकानदार तरुण होता, पण जाणकार. डोळ्याला भिंग लावून तो दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत सरकत गेला. अक्रोडाचा दस्ता मूळचा, नळी चांगली, बॉडीचा निळा रंग बराच उडालेला, पण कुणी पॉलिश मारून नासवलेली नाही हे फार बरं, असं तो बोलत होता आणि त्याचा मदतनीस लिहून घेत होता. मग उजव्या कुशीवरच्या छोट्या स्क्रूपाशी त्याचं बोट थांबलं. "हा मात्र नंतरचा आहे. लोकल काम. खाच कशी फाटलीय बघा. हा काढून टाकू, ओरिजिनल कुठे मिळतो का बघतो." काकांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी या रायफलीत काहीतरी नवं करून घातलं होतं एवढंच त्यांना आठवत होतं. काय आणि कुठे, ते विसरले होते. मी विसरले नव्हते. अण्णांचा स्क्रू डावा. ज्याला तो लोकल म्हणत होता तो अमेरिकेत न्यू हेवनच्या कारखान्यातून रायफलीबरोबरच आलेला होता. आणि ज्याच्यावरून त्याची नजर न अडखळता पुढे गेली, तो लालबागच्या एका फिटरने १९९३ साली केलेला.

मी काही बोलले नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी हसत होते. शेजारच्या बाई माझ्याकडे बघतायत हे कळत होतं तरी हसू आवरत नव्हतं. भिंग लावलेल्या माणसाला कळलं नाही, अण्णा! भायखळ्यापर्यंत हे असंच चाललं. चिंचपोकळीच्या पुलावर बस अडकली आणि तिथे ते हसू गेलं. कारण तो माणूस आता खरा स्क्रू काढून भंगारात टाकणार होता. सव्वाशे वर्षं त्या रायफलीच्या अंगात बसलेला एक तुकडा माझ्या गप्प बसण्याने फेकला जाणार होता. आणि फेकण्याच्या बाबतीत अण्णा काय होते ते मला माहीत आहे.

अण्णा गिरणीच्या वर्कशॉप खात्यात होते. यंत्रांना आणि मागांना लागणारे सुटे भाग करायचे, झिजलेले भरून काढायचे, तुटलेले जोडायचे. गिरणीतली निम्मी यंत्रं लँकशरहून आलेली, आजोबांच्या वयाची. त्यांचे भाग बाजारात मिळणं कधीच बंद झालं होतं, त्यामुळे जे मोडेल ते खात्यातच करावं लागे. त्यांचा हात घडला तो तिथे. मग ८२ चा संप झाला. पुढचं लालबाग-परळच्या कुठल्याही घरात विचारा, तेच ऐकायला मिळेल. वर्षभर घरात बसल्यावर अण्णांना एका ओळखीच्या माणसाने बोरीबंदरपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका बंदुकांच्या दुकानात नेलं. विक्रीचा आणि दुरुस्तीचा असे दोन्ही परवाने असलेलं जुनं दुकान. शेठना असा माणूस हवा होता, जो कॅटलॉग न बघता भाग करू शकेल. अण्णांनी तोवर बंदूक फक्त गिरणीच्या गेटवरच्या दरवानाच्या खांद्यावर बघितलेली. शेठनी एक मोडकी स्प्रिंग पुढ्यात टाकली आणि म्हणाले, अशी करून दाखव. चौथ्या दिवशी नोकरी पक्की झाली.

त्या दुकानात सगळ्या तऱ्हेची हत्यारं यायची, पण अण्णांचा जीव जडला तो लिव्हरवाल्या रायफलींवर. चापाभोवतीचं ते लोखंडी कडं खाली ओढायचं आणि परत वर घ्यायचं. तेवढ्या एका हालचालीत जुनं काडतूस बाहेर पडतं, घोडा चढतो, नळीखालच्या नळकांड्यातून नवं काडतूस मागे येतं, वर उचललं जातं आणि नळीत जाऊन बसतं. अण्णा मला हे स्वतःच्या हाताने दाखवायचे. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये आतले सांधे कोपरासारखे असतात. हात सरळ ताठ केला की कोपर कुणाला मागे रेटता येत नाही, तसं बंद झालं की ते कुलूप. कोपर दुमडलं की उघडलं. १८९२ च्या मॉडेलमध्ये कोपर गेलं आणि दोन उभ्या खिट्ट्या आल्या. लिव्हर वर आला की त्या दोन्ही बाजूंनी वर सरकतात आणि मागचं दार दोन्हीकडून धरून ठेवतात. हे डोकं जॉन ब्राउनिंगचं. युटामधल्या ओग्डेन गावचा माणूस, वडील बंदुका दुरुस्त करायचे, हा त्यांच्याच दुकानात शिकला. अण्णांना त्याचं नाव शेठकडून कळलं होतं आणि ते त्याच्याबद्दल असं बोलायचे, जणू शेजारच्या खात्यातला एखादा वरचा मिस्त्री. "बघ," म्हणायचे, "दोनच खिट्ट्या. तिसरी घातली असती तर काम झालं असतंच. पण दोनात भागवलं त्याने." ती रायफल जवळजवळ १० लाख बनली. अण्णांच्या हाताखालून त्यातल्या पाच-सहा गेल्या असतील.

या रायफलींची एक गंमत मला फार आवडायची. नळकांड्यात काडतुसं एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. ते टोक अणकुचीदार असलं तर धक्क्याने पुढचं काडतूस आतच पेटायचं, म्हणून यांच्या गोळ्यांची नाकं बसकी. एवढी साधी अडचण आणि तिचं एवढं साधं उत्तर. मी तेव्हा आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होते. कागदावर रेघा ओढताना ही रेघ अशीच का, याचं उत्तर वर्गात क्वचित मिळे. दुकानातल्या मागच्या खोलीत अण्णांच्या टेबलापाशी नेहमी मिळे. शेठची परवानगी होती. मी आल्यावर दारापाशीच्या स्टुलावर बसायचं, हत्याराला हात लावायचा नाही, काढून ठेवलेल्या भागाचं माप घेऊन ड्रॉइंग काढायचं. प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरात व्हायची, कुणाची रायफल, परवाना नंबर काय, काय बदललं. पोलीस येऊन ते रजिस्टर तपासून जात. अण्णांचं अक्षर वाईट, म्हणून पुढे पुढे ती नोंदही मीच करू लागले.

दादरच्या काकांची रायफल दुकानात आली ती १९९२ च्या नोव्हेंबरात. अख्खा पावसाळा ती चामड्याच्या म्यानात कपाटामागे उभी होती. चामडं ओल धरतं आणि मुंबईच्या हवेत मीठ असतंच. दोन्ही मिळून पोलाद खातात. शिकारीवर १९७२ मध्ये कडक निर्बंध आल्यापासून तिला कुणी बाहेर काढलीच नव्हती, वर्षातून एकदा फडकं मारायचं आणि परत ठेवायची. त्या वर्षी फडकं मारताना लिव्हर हलेना, तेव्हा घरातल्या कुणीतरी उत्साहाने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. काडतूस वर उचलणारा जो तुकडा असतो, ज्याला दुकानात कॅरिअर म्हणत, तो दोन छोट्या स्क्रूंच्या टोकांवर झुलतो, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. घरातला स्क्रू-ड्रायव्हर पाचरीसारखा निमुळता. तो खाचेत वरवर बसतो आणि जोर दिला की काठ फाडून बाहेर येतो. उजव्या स्क्रूची खाच फाटली, पण तो टिकला. डावा गंजून धरला होता, तो मानेतच पिळून तुटला.

अण्णांनी तो तुटका तुकडा बाहेर काढायला नऊ दिवस घेतले. सकाळी आल्यावर तेलाचा एक थेंब, दुपारी एक थेंब, संध्याकाळी बारीक छिन्नीने कडेवर एक टिचकी. जोर नाही. मी विचारलं, ड्रिल का नाही मारत? ते म्हणाले, "बॉडीतले आटे तिचे आहेत. स्क्रू गेला तर दुसरा करीन, आटे गेले तर काय करू?" दहाव्या दिवशी तो तुकडा दाढ पडावी तसा गपकन निघाला.

आणि मग खरा प्रश्न. तसा स्क्रू नागदेवी स्ट्रीटच्या लोखंडी सामानाच्या बाजारात मिळत नाही. कुठेच मिळत नाही. अण्णांचं सगळं आयुष्य व्हिटवर्थच्या आट्यांत गेलेलं. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने आट्याचा कोन ५५ अंश ठरवून दिला आणि इंग्रजांनी जिथे जिथे यंत्रं नेली तिथे तो गेला. लालबागच्या गिरणीत तोच, रेल्वेत तोच. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशांचा सुचवला आणि तिकडे तो रुळला. पण बंदुका करणारे जुने कारखाने त्याहून वेगळे, घरचे आटे वापरत. इंचात किती आटे हा त्यांचा हिशेब बाजारातल्या आटे पाडायच्या कुठल्याच टॅप-डायशी जुळत नाही. अण्णांनी तुटक्या तुकड्यावर पारदर्शक कागद गुंडाळून पेन्सिल घासली, आट्यांचा ठसा उतरवला आणि मला दिला. मी तो भिंगाखाली मोजला, तीनदा. मग त्यांनी छोट्या लेथचे गिअर बदलून त्या मापाचे आटे एकाच टूलने, एकेक फेरा घेत कापले. टूल त्या कोनाला घासून घ्यायलाच त्यांची एक अख्खी दुपार गेली. पहिला स्क्रू दोन थाउ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, ढिला झाला म्हणून टाकला. दुसरा आत जाताना मध्येच अडला. तिसरा बसला.

स्क्रू बसला म्हणून काम झालं असं ते मानत नसत. डोक्याचा घुमट जुन्यासारखा हवा, आणि खाच जुन्यासारखी अरुंद. आपल्याकडच्या करवतीने पडणारी खाच रुंद होते. म्हणून ते झवेरी बाजारातून सोनाराच्या आरीची पाती घेऊन आले. मग चिमणी पेटवून तिच्या काजळीवर त्यांनी स्क्रूचं टोक धरलं, काळं झालेलं टोक आत बसवलं, कॅरिअर दोन-चारदा हलवला, बाहेर काढलं. जिथे काजळी पुसली गेली तिथे घासत होतं. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात. परत काजळी, परत बसवणं, परत बाहेर. मी मोजत होते, अठरा वेळा. अठराव्या वेळी काजळी सगळीकडून सारखी पुसली गेली.

पाणी देण्याचं काम मात्र ते मला जवळून बघू देत. पोलाद तापवून विझवलं की ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच तुटतं. मग ते घासून चकचकीत करायचं आणि हळूहळू पुन्हा तापवायचं. तेव्हा त्याच्यावर रंग चालत येतात. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग गव्हाळ, मग तपकिरीकडून जांभळा, आणि मग एकदम निळा. तापवून लाल करायचं असेल तेव्हा अण्णा खिडकी लावून घेत, कारण लालीचा अंदाज अंधारात येतो. पण हे रंग बघायला उत्तरेच्या खिडकीतला उजेडच लागे. "मोराची मान दिसली की उचल," ते म्हणायचे. मोराची मान दोन-तीन श्वासांपुरती दिसते. चुकलं तर राखाडी होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता मी ऑफिसात पडद्यावर भाग काढते आणि पोलादाच्या मापाशेजारी कडकपणाचा आकडा टाइप करते. तो आकडा टाइप करताना मला अजूनही मोराची मान दिसते.

हे सगळं चाललं होतं तो काळ कुठला, हे मी मुद्दाम टाळत आले. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३. दुकान बंद होतं, उघडलं, परत बंद झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री माणसं जागत बसत. रात्री दूरवर काही वाजलं की आई दिवा मालवायची. मग मार्चच्या १२ तारखेला बॉम्बस्फोट झाले. त्या संध्याकाळी अण्णा फोर्टातून चालत घरी आले. शर्टावर धूळ होती आणि ते कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, सोडा ती नोकरी, नको तो पैसा. मीही बोलले. अठरा वर्षांची होते, राग होता. म्हटलं, अण्णा, माणसं मारायच्या वस्तू तुम्ही इतक्या मायेने दुरुस्त कशा करता?

अण्णा जेवत होते. जेवत राहिले. दोन दिवसांनी, मी विसरले असेन असं वाटण्याइतक्या वेळाने, मोरीपाशी हात धूत म्हणाले, "मागाचा धोटा उडून आमच्या खात्यातल्या एकाचा डोळा गेला. बोटं तर कितीजणांची गेली. माग दुरुस्त करायचा नाही का?" मला ते उत्तर पटलं नाही. माग कापड विणतो, रायफल काय विणते? हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि आजही म्हणते. पण त्यांनी आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नाही. शेठनी एकदा रेंजवर येतोस का म्हणून विचारलं होतं, तर हे नको म्हणाले. त्यांना लिव्हर खाली-वर होताना होणारा आवाज हवा असायचा, रिकाम्या रायफलीचा, त्याच्या पुढचा नाही. या दोन गोष्टी मी माझ्या मनात शेजारी शेजारी ठेवते. त्या एकमेकीत मिसळत नाहीत.

खंडेनवमीला दुकानात पूजा व्हायची. हत्यारांची होणारच, पण अण्णांच्या टेबलावर वेगळी पूजा मांडलेली असे. कानशी लांबीप्रमाणे ओळीने, लेथच्या चकाला झेंडूचा हार, शेगड्यावर आंब्याची डहाळी, तेलाच्या बुधलीलासुद्धा गंध. रायफलींना मात्र ते कुंकू लावू देत नसत. कुंकवाची ओली बोटं पोलादावर टेकली की दिवाळीपर्यंत तिथे गंजाचा ठिपका. फूलही थेट ठेवायचं नाही, खाली कोरडं फडकं घालायचं. काही माणसांच्या हातालाच गंज असतो हे मी तिथे शिकले. दुकानात एक पोरगा होता, गुणी, पण त्याच्या घामाने रात्रीत पोलादावर बोटांचे तांबडे ठसे उठत. अण्णांनी त्याला लाकडाचं काम दिलं. दस्त्यांना जवसाचं तेल चोळायचं, दिवसाला एक हात, महिनाभर. त्याला कधी कुणी सांगितलं नाही की तुला लोखंडाकडून का काढलं. त्याला वाटायचं आपण तेलात तरबेज म्हणून. आणि तो पुढे झालाही.

काकांच्या रायफलीची नोंद मी केली. 'कॅरिअर स्क्रू, डावा, नवीन केला.' उजवा बदलायचा का, असं शेठनी विचारलं होतं. खाच फाटलेली, दिसायला वाईट, नवा करून टाक, गिऱ्हाइकाला बरं वाटेल. अण्णा म्हणाले, "चालतोय ना? मग तो त्याच्या जागी राहू दे." त्यांनी फक्त उजव्याच्या खाचेचे उठलेले काठ हलक्या हाताने ठोकून बसवले.

तर तो भिंगवाला तरुण चुकला तो असा. फाटकं दिसलं ते नकली, नीटस दिसलं ते अस्सल. त्याला मी दोष देत नाही. मला माहीत नसतं तर मीही हेच म्हटलं असतं. मला टोचत होतं ते माझं गप्प बसणं. आठवडाभर मी स्वतःला समजावत होते. काय बिघडलं? गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, काकांना पडत नाही, रायफल चालते. शिवाय अण्णांचा स्क्रू विंचेस्टरचा म्हणून कायमचा तिच्यात राहील. त्यांच्या हाताला याहून मोठी पावती कोण देणार? हे सगळं मनात नीट मांडून व्हायचं, आणि मग रात्री पंख्याकडे बघत पडलं की वाटायचं, अण्णांनी ते अशा पावतीसाठी केलं नव्हतं. तो स्क्रू कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी सोनाराची पाती आणली, पण कुणाला फसवावं म्हणून नाही. रायफल पुन्हा पहिल्यासारखी दिसावी म्हणून. आणि ते फसवणं नव्हतं याचा पुरावा माझ्याच घरात, माळ्यावर होता.

जुना भाग ते कधी टाकत नसत. कागदात बांधून गिऱ्हाइकाला देत, आणि बहुतेक गिऱ्हाइकं तो काउंटरवरच विसरून जात. असे विसरलेले तुकडे अण्णांच्या खणात साठत गेले. शेठनी वय झाल्यावर दुकान आवरलं तेव्हा ते मोडके, झिजलेले, कशाच्याही कामाचे न उरलेले तुकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात भरून त्यांनी घरी आणले. आईने दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढले, अण्णांनी दोनदा परत ठेवले. ते २०१४ मध्ये गेले. नंतर आई गेली. डबा मी उघडला नव्हता.

रविवारी दुपारी मुलाला शिडी धरायला लावून मी तो खाली काढला. झाकण गंजून बसलं होतं. मी चमच्याचा दांडा घालणार होते, पण हात थांबला. मग कडेने तेलाचे चार थेंब सोडले आणि तासभर थांबले. आत चाळीस-पन्नास पुड्या. वर्तमानपत्राच्या, ट्रेसिंग पेपरच्या, एक तर माझ्याच शाळेच्या वहीच्या पानाची. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने दोन-तीन शब्द. मुलगा एकेक वाचून दाखवत होता आणि त्याला आजोबांचं अक्षर लागत नव्हतं, मला लागत होतं. तळाशी कुठेतरी ती निघाली. '९२ विंचेस्टर. कॅरिअर, डावा. जुना. फेकू नये.' आत दोन तुकडे, दोन्ही मिळून करंगळीच्या नखाएवढे. मान पिळून तुटल्याची जागा अजून दाणेदार दिसत होती. आजूबाजूला तेलाचा पिवळा डाग कागदात जिरून वाळला होता.

सोमवारी मी काकांना फोन केला आणि दोघं दुकानात गेलो. उजवा स्क्रू अजून जागेवर होता, देव पावला. मी पुडी काउंटरवर उघडली आणि सगळं सांगितलं, त्या दिवशी गप्प बसले तेही. तरुणाने भिंग लावलं. आधी तुकडे पाहिले, मग रायफल उलटी करून डावी बाजू पाहिली, बराच वेळ. त्याने एक स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घालून पाहिला, गेला नाही. दुसरा काढला, तोही जाड. तिसरा दगडावर घासून पातळ केला तेव्हा बसला. पण त्याने तो फिरवला नाही. काढून बाजूला ठेवला.

"हा काढायचा का?" त्याने काकांना विचारलं. काका माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, चालतोय ना? काका म्हणाले, मग दोन्ही राहू देत. मदतनिसाने आधीच्या नोंदीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, उजवा कॅरिअर स्क्रू मूळचा, डावा १९९३ मध्ये मुंबईत केलेला, जुना तुकडा सोबत. तुकडे रायफलीबरोबर जायला हवेत हे मला कबूलच होतं. पण तरुण म्हणाला, पुडीचा कागदही हवा, तारीख-नोंदीला आधार होईल. ते मी धरलं नव्हतं. कागद हातात घेऊन मी ते अक्षर पुन्हा एकदा वाचलं, 'फेकू नये' मधला अर्धवट गोल 'फे'. मग त्याच घड्यांवर घड्या घालत तुकडे त्यात बांधले आणि पुडी त्याच्या हातात दिली.

निघताना मी विचारलं, लिव्हर एकदा हलवून दाखवाल का? त्याने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, नळी भिंतीकडे केली आणि लिव्हर खाली ओढला, वर घेतला. पंख्याच्या घरघरीतून तो आवाज आला, आधी सरकता, मग दोन खिट्ट्या वर बसल्याचा.

"अजून एकदा," मी म्हणाले.